आर-क्यू-ई-एल-जे : तुमसर नावाच्या जुन्या फाइलची गोष्ट

आज कोणी मोबाइलवर ‘तुमसर’ असे लिहिले, तर यंत्राच्या स्मृतीत पाच संकेतांक उमटतात : त, उकार, म, स, र. जगातील कोणताही संगणक ते पाच संकेतांक वाचून हेच नाव दाखवील. परंतु पंचवीस वर्षांपूर्वी कृतिदेव फॉन्टमध्ये जुळवलेल्या एखाद्या लग्नपत्रिकेच्या फाइलमध्ये हे नाव शोधू गेल्यास ते सापडत नाही. तिथे असतात रोमन लिपीतील पाच लहान अक्षरे : आर, क्यू, ई, एल, जे. पडद्यावर आणि कागदावर गाव तुमसरच होते. फाइलच्या पोटात मात्र ते कधीच नव्हते.

अर्थात हे कळण्यासाठी आधी ती फाइल उघडावी लागते, आणि बहुतेक वेळा ती उघडतच नाही. दोनदा क्लिक करावे, घड्याळाची खूण क्षणभर फिरावी, आणि पेजमेकर किंवा कोरेलड्रॉ निमूटपणे बंद व्हावे, हा अनुभव छपाईच्या धंद्यातील प्रत्येकाच्या परिचयाचा आहे. याकडे सहसा तांत्रिक कटकट म्हणून पाहिले जाते. या धाग्यात तिच्याकडे इतिहासाचा प्रश्न म्हणून पाहू. कारण ज्या काळातील गावोगावची छापील सामग्री अशा फाइलींमध्ये अडकली आहे, तो काळ आता इतिहासाच्या अभ्यासकक्षेत येऊ लागला आहे.

तुमसरच का, असे कोणी विचारील. भंडारा जिल्ह्यातील हे तालुक्याचे गाव भाताच्या बाजारपेठेसाठी ओळखले जाते. तालुक्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत, आणि हावडा-नागपूर-मुंबई लोहमार्गावरील तुमसर रोड स्थानकातून तिरोडीकडे जाणारा फाटा याच खनिजामुळे महत्त्वाचा ठरला. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते गावाचे सीमेजवळ असणे. उत्तरेला मध्य प्रदेश लागून आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत तर हा सारा मुलूख मध्य प्रदेशातच होता, राजधानी नागपूर होती आणि राज्यकारभारात हिंदी व मराठी दोन्ही भाषा नांदत होत्या. राज्यपुनर्रचनेने सीमा आखली, पण बाजाराची भाषा सीमेवर थांबत नाही. शिवाय घराघरांत झाडीबोली आहे, पोवारी आहे. अशा गावातील डीटीपी सेंटरला सकाळी मराठी लग्नपत्रिका आणि दुपारी हिंदी हँडबिल जुळवावे लागणे स्वाभाविकच होते. साहजिकच हिंदी पट्ट्यात रुळलेला कृतिदेव आणि पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी या दोन परंपरा एकाच संगणकावर शेजारी शेजारी राहू शकत होत्या. दोन्ही देवनागरीच; पण एकीची संकेतव्यवस्था दुसरीला कळत नाही.

हे असे का झाले, याचे उत्तर संगणकाच्या फार आधी सुरू होते.

गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये मुंबईत मराठी पंचांग छापले ते शिळाप्रेसवर. शिळेवर हाताने लिहिलेले जसेच्या तसे उमटते. तिथे अक्षरांचे तुकडे करण्याचा प्रश्नच नसतो. तो प्रश्न उभा राहिला शिशाच्या खिळ्यांपुढे. रोमन लिपीचे काम शंभरएक खिळ्यांत भागते. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, उकार, रफार आणि जोडाक्षरे यांमुळे जुळाऱ्यासमोर काही शे घरांची केस मांडून ठेवावी लागे. जावजी दादाजींच्या निर्णयसागरने हे काम सौंदर्याच्या ज्या उंचीवर नेले ती आजही दाद घेऊन जाते; पण त्या सौंदर्याची किंमत खिळ्यांच्या संख्येत मोजावी लागत होती. लोकमान्य टिळकांसारख्या माणसानेही राजकारणाच्या धबडग्यातून वेळ काढून देवनागरी खिळ्यांची संख्या कमी करण्याच्या खटपटीत लक्ष घातले, ते यामुळेच. वृत्तपत्राचा धनी असल्याने त्यांना या अडचणीचा रोजचा हिशेब ठाऊक होता.

मग आला टंकलेखक. जेमतेम चाळीस-पंचेचाळीस कळा, शिफ्टमुळे दुप्पट जागा, आणि त्यात संपूर्ण देवनागरी बसवायची. यावर निघालेली तोड मोठी चतुर होती. देवनागरीतील पुष्कळ अक्षरांना उजवीकडे उभा दंड असतो. मग पूर्ण ‘भ’ला वेगळी कळ कशाला? अर्धा भ एका कळीवर ठेवावा, आणि दंड हवा असेल तेव्हा कान्याची कळ दाबावी. थ, ध, ण, श, ष यांचीही तीच सोय. जोडाक्षरासाठी अर्धे रूप आयते मिळते, पूर्ण अक्षरासाठी दोनदा बोट पडते. रेमिंग्टनच्या हिंदी टंकलेखकावर हात बसलेल्या हजारो माणसांना ही रीत इतकी अंगवळणी पडली, की पुढे संगणक आला तेव्हा त्यांनी यंत्र बदलले, बोटे बदलली नाहीत.

कृतिदेव हा त्या बोटांसाठी घडवलेला फॉन्ट आहे. त्यात ‘भंडारा’ हा शब्द सात रोमन अक्षरांत साठवला जातो : मोठा एच, के, ए, मोठा एम, के, जे, के. यातील ‘के’ तीनदा येतो. दुसरा आणि तिसरा के म्हणजे डा आणि रा यांचा खराखुरा काना. पहिला के म्हणजे केवळ भ पुरा करणारा दंड. माणसाला हा भेद पाहताक्षणी कळतो. संगणकाच्या लेखी तिन्ही एकच. टंकलेखकाच्या लोखंडी दांड्यांनी केलेली काटकसर अशी अदृश्य रूपाने फाइलींमध्ये उतरली आणि यंत्रे भंगारात गेल्यावरही तिथेच राहिली.

दुसरा मार्ग उपलब्धच नव्हता असे नाही. आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिप्यांसाठी विकसित झालेले ‘जिस्ट’ तंत्रज्ञान १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये आले. त्यामागचा विचार मुळातच वेगळा होता : स्मृतीत अक्षर साठवावे, त्याचा आकार नव्हे. क, हलन्त, ष एवढे साठवले की क्ष कसा काढायचा ते यंत्राने दाखवण्याच्या वेळी ठरवावे. याच विचाराचे प्रमाणीकरण म्हणजे इस्की हा संकेत. १९९१ मध्ये भारतीय मानक संस्थेने तो स्वीकारला. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि तिच्यातील देवनागरीचा विभाग १९८८ च्या इस्कीवर बेतलेला होता. म्हणजे अक्षर म्हणून अक्षर साठवण्याची शास्त्रशुद्ध पद्धत डीटीपीच्या भरभराटीपूर्वीच, महाराष्ट्राच्या भूमीवर, तयार होती.

मग छापखान्यांनी ती का वापरली नाही? येथे ऑपरेटरांना अडाणी ठरवण्याचा मोह अनेक तज्ज्ञांना होतो; तो अन्यायकारक आहे. छपाईचे काम पानाच्या मांडणीवर चालते, आणि मांडणीची साधने परदेशातून येत होती. आल्डस कंपनीने १९८५ मध्ये मॅकिंटॉशसाठी पेजमेकर आणले आणि ‘डेस्कटॉप पब्लिशिंग’ हा शब्दच रूढ झाला. १९८९ मध्ये कॅनडातील कोरेलने कोरेलड्रॉ आणले. या कार्यक्रमांना रोमन लिपी कळत होती. क-हलन्त-ष यांतून क्ष घडवण्याची विद्या त्यांच्यापाशी नव्हती. त्यांना मागता येत होता केवळ एक फॉन्ट, ज्यात एका बाइटमुळे २५६ जागा. तेव्हा भारतीय फॉन्टकारांनी त्या जागांत देवनागरीचे तुकडे बसवले आणि पेजमेकरला सांगितले, की हे इंग्रजीच आहे. पेजमेकरने विश्वास ठेवला. सी-डॅकलाही विंडोजवरील कामासाठी याच वाटेने जात योगेश, सुरेख असे फॉन्ट द्यावे लागले. व्यवहारात ही युक्ती इतकी यशस्वी झाली, की मराठी छपाईचा एक सबंध कालखंड तिच्यावर उभा राहिला. तिचा एकच दोष होता : कोणत्या जागेत कोणता तुकडा बसवायचा हे प्रत्येक फॉन्टकाराने आपापले ठरवले.

आता त्या न उघडणाऱ्या फाइलीकडे वळू.

जुनी फाइल उघडताना कार्यक्रम कोसळतो तेव्हा दोष फाइलीचाच असतो, हा समज बहुधा चुकीचा ठरतो. मांडणीची फाइल हा एकटा दस्तऐवज नसतो; ती आपल्या काळातील अनेक वस्तूंवर टेकून उभी असते. उघडताना ती त्या साऱ्या वस्तूंना हाक मारते, आणि कोणी ‘ओ’ दिली नाही की कोसळते. पेजमेकरचे उदाहरण घ्या. ओळ कुठे तुटावी, समास किती सुटावा याचा हिशेब तो निवडलेल्या प्रिंटरच्या आधारे करतो. ज्या संगणकावर एकही प्रिंटर नोंदवलेला नाही तिथे त्याचे पाऊल पहिल्याच पायरीवर अडखळते. जाणकार म्हणूनच आधी एखादा साधा पोस्टस्क्रिप्ट प्रिंटर, प्रत्यक्षात नसला तरी, कागदोपत्री बसवून घेतात. पुष्कळ फाइली एवढ्यावरच उघडतात.

दुसरा संशयित फॉन्ट. नसलेला फॉन्ट सहसा कार्यक्रम पाडत नाही. त्याऐवजी दुसरा फॉन्ट येतो आणि मजकुराचा रोमन अक्षरांचा ढीग होतो. कार्यक्रम पाडतो तो बिघडलेला फॉन्ट. वर्षानुवर्षे फ्लॉपी आणि सीडींवरून इकडून तिकडे गेलेल्या, कोणी तरी नाव बदलून बसवलेल्या शेकडो फॉन्टांत असा एखादा हमखास असतो. तो शोधण्याची रीत धान्य पाखडण्यासारखी आहे : निम्मे फॉन्ट काढून ठेवावेत, फाइल उघडून पाहावी, उघडली तर दोषी काढलेल्यांत, नाही तर उरलेल्यांत, मग त्या निम्म्याचे निम्मे. पाचशे फॉन्ट असले तरी नऊ फेऱ्यांत गुन्हेगार सापडतो. याच्या जोडीला कुलपाचा प्रश्न आहे. त्या काळातील अनेक भारतीय भाषा-पॅकेजांबरोबर ‘डोंगल’ मिळे. संगणकाच्या मागे, प्रिंटरच्या जाड खाचेत तो बसवला तरच पॅकेज चाले. आजच्या संगणकांना ती खाचच नाही.

तिसरा आधार खुद्द संगणकाचा. विंडोज ३.१ च्या काळातील १६-बिट कार्यक्रम आजच्या ६४-बिट विंडोजवर मुळीच चालत नाहीत. त्यांच्यासाठी नव्या संगणकाच्या आत जुना संगणक मांडावा लागतो. आभासी यंत्रात विंडोज ९८ किंवा एक्सपी बसवून, त्यात पेजमेकर, त्यात तो फॉन्ट. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे चमत्कारिक वाटू नये. एखादे हस्तलिखित वाचण्यासाठी त्या काळचे हस्ताक्षर, कालगणना आणि मायने आधी उभे करावे लागतात, त्याचीच ही यांत्रिक आवृत्ती आहे.

एवढे करूनही फाइल अडली तर ती आतून दुखावलेली आहे असे मानावे. मूळ फाइलीला हात न लावता तिच्या प्रतीवर काम करावे, हा पहिला नियम. तो मोडल्याने जितक्या फाइली कायमच्या गेल्या असतील तितक्या बिघाडाने गेल्या नसतील. पेजमेकरमध्ये एक फारशी प्रसिद्ध नसलेली सोय आहे. फाइल कशीबशी उघडत असेल, तर काहीही न निवडता शिफ्ट आणि कंट्रोल धरून हायफनेशनची आज्ञा द्यावी. कार्यक्रम स्वतःच आपली अंतर्गत रचना तपासतो आणि उत्तर आवाजाने देतो. एक बीप म्हणजे सारे ठीक. दोन म्हणजे बिघाड होता, दुरुस्त केला. तीन बीप म्हणजे बिघाड आहे आणि तो आपल्या आवाक्याबाहेरचा आहे. कोरेलमध्ये फाइल थेट उघडण्याऐवजी नव्या कोऱ्या पानावर ‘इम्पोर्ट’ करून पाहणे, किंवा सुरू करताना एफ-८ दाबून कार्यक्रमाची मांडणी मूळपदाला आणणे, हे उपाय कामी येतात.

कोरेलच्या फाइलीचे वय तिच्या नावावरून नव्हे, तर पोटातून कळते. ती साध्या मजकूर-संपादकात उघडली तर सारी अगम्य चिन्हे दिसतात, पण पहिली काही अक्षरे वाचता येतात. अगदी आरंभीच्या आवृत्त्यांत तिथे डब्ल्यू-एल, नंतरच्या बऱ्याच वर्षांत आर-आय-एफ-एफ, आणि २००८ च्या एक्स४ पासून पी-के, म्हणजे झिप पेटीची खूण. नाण्यावरील टांकसाळीच्या खुणेसारखा हा पुरावा आहे. कोरेलच्या अलीकडील आवृत्त्या अगदी जुन्या फाइली उघडत नाहीत; तेव्हा मधल्या आवृत्तीचा एखादा मुक्काम शोधणे भाग पडते. याखेरीज एक वाट मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी घालून दिली आहे. बंद स्वरूपांच्या फाइलींची रचना बाहेरून अभ्यासून उलगडण्याचे काम काही स्वयंसेवकांनी हाती घेतले, आणि २०१४ मध्ये ‘डॉक्युमेंट लिबरेशन’ प्रकल्प म्हणून ते एकत्र आले. त्यामुळे लिब्रेऑफिस कोरेलच्या, आणि २०१५ च्या ४.४ आवृत्तीपासून पेजमेकरच्याही फाइली वाचू लागले. मांडणी विस्कटते, पण मजकूर हाती येतो. ज्या लिपीचा त्यांच्याशी काही संबंध नव्हता, तिच्या दस्तऐवजांवर त्या मंडळींनी नकळत केलेले हे उपकार आहेत.

पेजमेकरची कहाणी मात्र एका अरुंद पुलापाशी येऊन थांबते. १९९४ मध्ये अडोबीने आल्डस विकत घेतली. २००१ मध्ये पेजमेकर ७ आले आणि ते अखेरचे ठरले. वारसदार इनडिझाइन. सीएस६ पर्यंतचे इनडिझाइन पेजमेकर ६ आणि त्यापुढील फाइली उघडू शकत होते. त्यानंतरच्या सीसी मालिकेने ते दार बंद केले. आणि मराठीसह भारतीय भाषांची जुळणी इनडिझाइनला नीट येऊ लागली तीही २०१२ च्या सीएस६ मध्येच. म्हणजे जुनी फाइल वाचणे आणि युनिकोड मराठी लिहिणे या दोन्ही गोष्टी जाणणारी एकच आवृत्ती होऊन गेली. तिच्या आधीच्यांना युनिकोड मराठी येत नव्हती, तिच्या नंतरच्यांना पेजमेकर आठवत नव्हते. मराठी छापखान्यांतील किती जणांनी त्या काळात आपली कपाटे त्या पुलावरून पलीकडे नेली असतील? धंद्यात रोजचे काम रोज उरकते. कालची लग्नपत्रिका उद्या कोणाला हवी असते?

फाइल उघडली. आता दुसरे कुलूप.

समजा पडद्यावर ‘विदर्भ’ दिसतो आहे आणि तो युनिकोडमध्ये न्यायचा आहे. कृतिदेवमध्ये त्याचा क्रम आहे एफ, ओ, एन, मोठा एच, के, मोठा झेड. म्हणजे आधी ऱ्हस्व वेलांटी, मग व, मग द, मग अर्धा भ, दंड, आणि सर्वांत शेवटी रफार. डोळ्यांना जे ज्या क्रमाने दिसते त्या क्रमाने. युनिकोडचा क्रम उच्चाराचा : व, वेलांटी, द, र, हलन्त, भ. तेव्हा केवळ ‘या चिन्हाऐवजी ते चिन्ह’ अशी अदलाबदल पुरत नाही. वेलांटी उचलून व्यंजनाच्या मागे न्यावी लागते, रफार उचलून अक्षराच्या पुढे आणावा लागतो, आणि तो पुढे आणताना मध्ये जोडाक्षर असेल तर ते सबंध ओलांडावे लागते. एच आणि के एकत्र दिसले तर आधी त्यांचा भ करावा, उरलेल्या के चा मग काना. हा क्रम चुकला की ‘भंडारा’चे काय होईल ते सांगवत नाही.

आणखी एक बारीकसा, पण उपद्रवी प्रसंग. कृतिदेवमध्ये लहान आर म्हणजे त आणि मोठा आर म्हणजे अर्धा त. तोच मजकूर कोणी वर्डमध्ये टंकला असेल, तर वाक्याचे पहिले अक्षर आपोआप मोठे करण्याची इंग्रजी शिस्त तिथे जागी असते. परिणामी वाक्यारंभी येणाऱ्या तुमसरच्या ‘त’चा पाय मोडतो. जुन्या मजकुरात वाक्याच्या सुरुवातीलाच लंगडी अक्षरे का आढळतात, याचे हे कारण. ऑपरेटरच्या शुद्धलेखनाशी त्याचा काही संबंध नाही.

मोडी लिपीची तुलना या संदर्भात वारंवार केली जाते. ती अर्धीच खरी आहे. मोडी कागदात अक्षर प्रत्यक्ष असते, वाचणारा हवा. कृतिदेवच्या फाइलीत अक्षर नसतेच, असतो तो कळीचा क्रमांक. फॉन्टची फाइल हरवली आणि तो कोणता फॉन्ट होता याची नोंदही हरवली, तर पुढील अभ्यासकाच्या हाती निव्वळ एक सांकेतिक पत्र उरते.

गंमत म्हणजे छपाई व्यवसायाने या संकटावर त्याच काळात आपल्यापुरता तोडगा काढला होता. लहान गावातील डीटीपीवाला मोठ्या शहरातील ऑफसेट प्रेसकडे फाइल पाठवी तेव्हा तिथे आपला फॉन्ट असेलच याची खात्री नसे. म्हणून पाठवण्यापूर्वी सारा मजकूर ‘कर्व्ह’ करायचा. कोरेलमध्ये कंट्रोल आणि क्यू दाबले की अक्षरे अक्षरे राहत नाहीत. त्यांच्या बाह्यरेषांची चित्रे होतात. फॉन्ट असो वा नसो, छपाई बिनचूक. आजही या कर्व्ह केलेल्या फाइली सर्वांत सुखाने उघडतात आणि हुबेहूब दिसतात. मात्र त्यांत एकही शब्द शिल्लक नाही. शोधता येत नाही, उतरवून घेता येत नाही. कोसळणारी फाइल निदान आपण अडलो आहोत हे सांगते. ही शांतपणे उघडते आणि रिकामी असते. इतिहासाच्या दृष्टीने दुसरा प्रकार अधिक चिंतेचा मानायला हवा.

या साऱ्यातून वाचवायचे तरी काय, हा प्रश्न उरतोच. लग्नपत्रिका, तेरवीची कार्डे, मंडळांची हँडबिले, शाळांच्या स्मरणिका, निवडणुकीची पत्रके. यांतील बरेचसे कागद कोणत्याही ग्रंथालयात जात नाहीत. गावातील आडनावे, नातेसंबोधने, कोणत्या समाजाने कोणत्या दशकात पत्रिकेवर कोणाचे छायाचित्र घेतले, हिंदीचे कोणते शब्द केव्हा मराठी मजकुरात शिरले, याची नोंद अशाच कागदांत असते. तारीख ठरवण्यासाठीही त्यांत आतील पुरावे मिळतात : १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा झाला, तेव्हा पत्त्यात ‘गोंदिया, जि. भंडारा’ असे असेल तर मजकूर बहुधा त्याआधीचा, किंवा जुन्या सवयीने लिहिणाऱ्याचा. फाइलीच्या गुणधर्मांत दिसणाऱ्या तारखेवर मात्र फार विसंबू नये. कॉपी करताना ती बदलू शकते, आणि बॅटरी संपलेल्या संगणकाची तारीख तर मनाला येईल ती असते.

आणि बोली. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी झाडीबोलीला प्रतिष्ठा मिळवून देण्याचे जे काम केले, ते ऐन भरात आले तो काळ आणि डीटीपीचा काळ एकच. पूर्व विदर्भातील झाडीपट्टी रंगभूमीची रंगीबेरंगी पत्रके याच यंत्रांवरून निघत आली. झाडीबोलीत ण च्या जागी न आणि ळ च्या जागी र ऐकू येतो. पाण्याचे पानी, डोळ्याचा डोरा. आता जुना मजकूर युनिकोडमध्ये आणणाऱ्यापुढे दोन मार्ग असतात. एक, संकेतांच्या तक्त्यावरून रूपांतर. दुसरा, पान छापून किंवा त्याचे चित्र घेऊन यंत्राकडून वाचवून घेणे. टेसरॅक्टसारखी मुक्त साधने मराठी छापील मजकूर बऱ्यापैकी वाचतात, आणि कर्व्ह केलेल्या फाइलींसाठी तर दुसरा इलाज नाही. पण यंत्र वाचते ते प्रमाण मराठीच्या अभ्यासावर. अस्पष्ट ‘डोरा’ दिसला तर तो ‘डोळा’ असावा, असा अंदाज ते करू शकते. वर शुद्धलेखन तपासनीस चालू असेल तर ‘पानी’खाली लाल रेघ उमटते आणि घाईत असलेला माणूस ‘पाणी’ करून मोकळा होतो. तक्ता मात्र अंदाज करीत नाही. मूळ ऑपरेटरने जी कळ दाबली तेच अक्षर तो देतो, चुकीचे असेल तर चुकीचे. बोलीच्या मजकुरासाठी म्हणूनच, फाइल मजकुरासह जिवंत असेल तोवर, तक्त्याचाच मार्ग धरावा आणि तपासनीस बंद ठेवावा.

ज्यांच्या घरी किंवा ओळखीच्या दुकानात असा एखादा जुना संगणक पडून आहे, त्यांनी आधी तो चालू करण्याची घाई करू नये. हार्ड डिस्क काढून तिची सबंध प्रत घ्यावी. केवळ पी-६५, पीएमडी आणि सीडीआर फाइली उचलू नयेत; विंडोजच्या पोटातील फॉन्ट्स नावाचा फोल्डरही त्यांच्यासोबत उचलावा, कारण तक्ता त्यातूनच निघतो. एखादी जुनी छापील प्रत मिळाली तर तीही जपावी. रूपांतर बरोबर झाले की नाही, हे पडताळण्यासाठी तिच्याहून चांगले साधन नाही. आणि दुकानदाराला विचारून घ्यावे, की मराठी कामाला कोणता फॉन्ट वापरत होता आणि हिंदीला कोणता. त्यांना हे पाठ असते.